टेहळणी बुरूज नसलेलं आरमार
(ब्रिटिश नौदलाच्या ८४९ स्क्वाड्रनची कहाणी)

मंडळी, आपल्यापैकी ज्यांचं बालपण सोलापूर-बार्शीकडच्या गावांत गेलं असेल, त्यांना जोंधळ्याच्या शेतातला माळा आठवत असेल. चार मेढी रोवून वर फळ्या टाकायच्या आणि हातात गोफण घेऊन घरातल्या एका पोराने तिथे बसायचं. खालून पाहणाऱ्याला वाटतं, हा पोरगा नुसता बसून आहे. पाखरं आली नाहीत तर त्याने दिवसभरात काहीच केलेलं नसतं. मग एखादा हिशेबी माणूस म्हणतो, "पाखरं येतच नाहीत, तर या माळ्यावर एक माणूस अडकवून कशाला ठेवायचा?"

आज ज्या स्क्वाड्रनची गोष्ट सांगणार आहे, तिच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारला गेला. ब्रिटिश नौदलाची ८४९ नेव्हल एअर स्क्वाड्रन ही आरमाराच्या डोक्यावर, आकाशात बसवलेला माळा होती. तिच्या विमानांनी शत्रूवर बॉम्ब टाकायचे नव्हते, त्याची विमानं पाडायची नव्हती. त्यांनी फक्त लांबचं पाहायचं आणि आपल्या लोकांना आधी कळवायचं. याला हवाई पूर्वसूचना म्हणतात. डिसेंबर १९७८ मध्ये ही स्क्वाड्रन बंद झाली. एप्रिल १९८२ मध्ये, म्हणजे सव्वातीन वर्षांच्या आसपास, त्याच आरमाराला घरापासून आठ हजार मैलांवर युद्धाला जावं लागलं, आणि तेही डोळ्यावर पट्टी बांधून.

लष्करी इतिहास हा काही माझा व्यवसाय नाही. मी संगणक क्षेत्रातला सल्लागार. पण "जे बिघडत नाही त्यावर खर्च का करायचा?" हा प्रश्न माझ्या कामात मी इतक्या वेळा ऐकला आहे की या स्क्वाड्रनची कागदपत्रं आणि पुस्तकं वाचताना मला ती फार ओळखीची वाटली.

क्षितिजापलीकडचं गणित

सुरुवातीला थोडं गणित, पण घाबरू नका, शाळेतलंच आहे.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून लांबून येणारं जहाज पाहिलं की आधी त्याची डोलकाठी दिसते आणि मग हळूहळू खालचा भाग वर येतो. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा आपण पाठ केलेला आहे. रडारच्या लहरीही साधारण सरळच जातात, त्यामुळे त्यांनाही हेच बंधन. जहाजाच्या डोलकाठीवर ३० मीटर उंचीवर रडार बसवलं आणि शत्रूचं विमान लाटांवरून १५ मीटर उंचीने आलं, तर ते सुमारे ३८ किलोमीटरवर येईपर्यंत दिसूच शकत नाही. रडार कितीही महागाचं असो, मध्ये समुद्राचा फुगवटा आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाचं विमान हे अंतर अडीच मिनिटांत कापतं. क्षेपणास्त्र तर याहूनही खालून येतं, म्हणजे हातात उरतात जेमतेम दीड-दोन मिनिटं.

आता तेच रडार ३,००० मीटरवर उडणाऱ्या विमानात बसवा. तेच विमान आता २४० किलोमीटरवरून दिसू शकतं. अडीच मिनिटांची सोळा मिनिटं झाली! तेवढ्या वेळात लढाऊ विमानं पाठवता येतात, जहाजं वळवता येतात, माणसं आपापल्या जागी जातात. ८४९ स्क्वाड्रनचं सगळं महत्त्व या साडेतेरा मिनिटांत आहे.

आगीतून जन्मलेली कल्पना

हे शहाणपण अमेरिकन नौदलाला पॅसिफिकमध्ये फार महाग पडून आलं. जपानी विमानं खालून येत, म्हणून अमेरिकनांनी १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत काही विनाशिका मुख्य ताफ्यापासून बऱ्याच पुढे, एकेकट्या उभ्या केल्या. काम एकच, आपल्या रडारने पाहायचं आणि मागच्यांना सावध करायचं. आत्मघातकी कामिकाझे वैमानिकांनी साहजिकच या एकांड्या जहाजांवर झडप घातली आणि त्यांतली अनेक बुडाली. पहारेकऱ्याचा जीव देऊन वाडा वाचवायचा, असा तो मामला होता.

यावरचा उपाय १९४४ पासूनच तयार होत होता. मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत 'प्रोजेक्ट कॅडिलॅक' नावाने काम चाललं होतं. त्यातून एपीएस-२० हे रडार जन्माला आलं. अ‍ॅव्हेंजर विमानाच्या पोटाखाली मोठा घुमट लावून ते बसवलं गेलं. प्रत्यक्ष लढाईत उतरण्याआधीच युद्ध संपलं, पण कल्पना टिकली.

आपली ८४९ स्क्वाड्रनही अमेरिकेतच जन्मली, पण वेगळ्या कामासाठी. ऑगस्ट १९४३ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या क्वॉन्सेट पॉइंट इथे ती उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे अ‍ॅव्हेंजर ही हल्ला करणारी विमानं होती. जानेवारी १९४५ मध्ये 'व्हिक्टोरियस' या विमानवाहू नौकेवरून उडून तिने सुमात्रातल्या पालेंबांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवरच्या हल्ल्यांत भाग घेतला. युद्ध संपल्यावर ती बरखास्त झाली.

जुलै १९५२ मध्ये कॉर्नवॉलमधल्या कल्डरोझ इथे ८४९ हा क्रमांक पुन्हा जिवंत झाला, आता टेहळणीसाठी. अमेरिकेने लष्करी मदत म्हणून ५० स्कायरेडर विमानं दिली होती. पोटाखाली घुमट आणि त्यात तेच एपीएस-२०. पुढे एक वैमानिक आणि मागे विमानाच्या पोटात दोन निरीक्षक. गंमत पाहा, सगळ्या आरमारात ज्यांनी सर्वांत दूरचं पाहायचं, त्यांना बाहेरचं जवळपास काहीच दिसत नसे. अंधाऱ्या खोपटात बसून समोरच्या गोल पडद्यावरचे हिरवट ठिपके वाचायचे आणि त्यातला कोणता ठिपका लाट, कोणता पाऊस आणि कोणता शत्रू हे ठरवायचं. ठरलं की रेडिओवरून आपल्या लढाऊ विमानांना दिशा द्यायची. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. शेजारी बसलेल्या जुन्या माणसाकडूनच ते शिकावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्क्वाड्रनचं मुख्यालय जमिनीवर आणि तिच्या तीन-चार विमानांच्या तुकड्या, ज्यांना 'फ्लाइट' म्हणत, वेगवेगळ्या विमानवाहू नौकांवर, अशी रचना होती. १९५६ च्या सुएझ मोहिमेत 'ईगल' आणि 'अल्बियन'वर या तुकड्या होत्या.

गॅनेटचे दिवस

१९६० मध्ये स्कायरेडरच्या जागी फेअरी कंपनीचं गॅनेट आलं. दिसायला अगदीच बेढब! पोट सुटलेलं, पाय लांब, शेपूट आखूड. पण डोकं लावून बनवलेलं. एकामागे एक असे दोन पंखे आणि त्यांना फिरवणारी जोड इंजिनं. आकाशात पोचल्यावर त्यातलं एक इंजिन बंद करून इंधन वाचवायचं आणि तासन् तास घिरट्या घालायच्या. रडार मात्र नवं नव्हतं. जुन्या स्कायरेडरमधलीच एपीएस-२० काढून गॅनेटमध्ये बसवली होती. काटकसर म्हणजे काय ते इंग्रजांकडून शिकावं!

या गॅनेटनी १९६६ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक वेगळंच काम केलं. ऱ्होडेशियाने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केल्यावर मोझांबिकमधल्या बैरा बंदरातून त्या देशाला तेल मिळू नये म्हणून ब्रिटिश नौदलाने पहारा बसवला. एवढ्या विस्तीर्ण समुद्रात तेलवाहू जहाजं हुडकायला 'आर्क रॉयल' आणि 'ईगल'वरची गॅनेट उपयोगी पडली. एकही गोळी न झाडता करायचं हे काम होतं.

याच काळात 'हर्मीस' नावाच्या विमानवाहू नौकेवरही ८४९ ची एक तुकडी असे. हर्मीस हे नाव आपण मुंबईकरांनी नीट लक्षात ठेवायला हवं. का, ते पुढे सांगतो.

डोळा काढला तो असा

फेब्रुवारी १९६६ मध्ये संरक्षणमंत्री डेनिस हीली यांच्या संरक्षण श्वेतपत्रिकेने नव्या विमानवाहू नौकेचा, सीव्हीए-०१ चा, प्रकल्प रद्द केला. साम्राज्य आवरतं घेतलेल्या, पौंडाच्या घसरणीने बेजार झालेल्या देशाला तो परवडण्यासारखा नव्हता. मग एकेक मोठी विमानवाहू नौका निवृत्त होत गेली. 'हर्मीस'वरून विमानं फेकणारे कॅटपल्ट काढून १९७०च्या दशकात तिला मरीन सैनिकांची आणि हेलिकॉप्टरची नौका बनवलं. १९७२ मध्ये 'ईगल' गेली. शेवटी राहिली 'आर्क रॉयल'. मग तीही गेली आणि तिच्याबरोबर ८४९ स्क्वाड्रन आणि तिची गॅनेट.

हा निर्णय घेणारे मूर्ख होते असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. त्यांचं गणित असं होतं, की पुढचं युद्ध झालंच तर ते सोव्हिएत रशियाशी, उत्तर अटलांटिकमध्ये होईल. तिथे आपलं नौदल एकटं नसेल. अमेरिकन विमानवाहू नौका त्यांच्या टेहळणी विमानांसह सोबत असतील, आणि स्कॉटलंडमधल्या तळावरून आपल्या हवाई दलाची शॅकलटन विमानं पहारा देतील. १९७२ मध्ये हवाई दलाच्या ८ स्क्वाड्रनला अशी बारा शॅकलटन मिळाली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बरच्या वंशातली, चार इंजिनांची, प्रचंड आवाज करणारी ही विमानं. आणि त्यांच्यात रडार कोणतं? तेच एपीएस-२०, आता गॅनेटमधून काढलेलं! तात्पुरती सोय म्हणून आणलेली ही विमानं १९९१ पर्यंत उडत राहिली. आपल्याकडे म्हणतात ना, तात्पुरता मांडव तोच कायमचा.

उत्तर अटलांटिकसाठी हे गणित बरोबर होतं. अडचण इतकीच होती, की युद्ध कुठे करायचं हे नेहमी आपल्या हातात नसतं.

४ मे १९८२

२ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं ताब्यात घेतली. तीन दिवसांत 'हर्मीस' आणि 'इन्व्हिन्सिबल' या दोन नौका पोर्ट्समथहून निघाल्या. शॅकलटन तिथवर पोचू शकत नव्हती. गॅनेट शिल्लक असती तरी उपयोग नव्हता, कारण या दोन्ही नौकांवर आता कॅटपल्ट नव्हते. सी हॅरियर ही लढाऊ विमानं होती, पण त्यांना शत्रू कुठून येतोय हे सांगणारं वर कोणी नव्हतं.

मग काय केलं? 'शेफील्ड', 'कॉव्हेंट्री' आणि 'ग्लासगो' या विनाशिका मुख्य ताफ्याच्या पुढे पहाऱ्याला उभ्या केल्या. वाचकहो, हे कुठे ऐकल्यासारखं वाटतं का? ओकिनावा, १९४५! ज्या जीवघेण्या पहाऱ्यातून जहाजांना सोडवण्यासाठी हवाई टेहळणीचा शोध लागला, ती टेहळणी मोडीत काढल्यावर जहाजं पुन्हा त्याच पहाऱ्यावर आली.

४ मेच्या सकाळी अर्जेंटिनाच्या एका जुन्या नेपच्यून विमानाने ब्रिटिश जहाजांचा ठावठिकाणा शोधला. म्हणजे टेहळणीचं विमान त्या दिवशी अर्जेंटिनाकडे होतं, ब्रिटनकडे नव्हतं. रिओ ग्रांदेच्या तळावरून दोन सुपर एतांदार विमानं निघाली. लाटांना चिकटून आली, क्षणभर वर येऊन रडारने लक्ष्य पाहिलं, एक्झोसेट क्षेपणास्त्रं सोडली आणि परत फिरली. एक 'शेफील्ड'च्या मध्यभागी घुसलं. २० माणसं गेली. जळालेलं जहाज सहा दिवसांनी, ओढून नेत असताना, बुडालं.

इथे इतिहासाशी प्रामाणिक राहून एक गोष्ट सांगायला हवी. नौदलाच्या चौकशी मंडळाचा अहवाल २०१७ मध्ये जवळपास पूर्ण स्वरूपात लोकांसमोर आला. त्यात दिसतं, की दोष केवळ हरवलेल्या डोळ्याचा नव्हता. 'ग्लासगो'ने शत्रूच्या रडारचा संकेत पकडून इशारा दिला होता, पण त्याआधी बऱ्याच वेळा खोटे इशारे आल्यामुळे त्यावर विश्वास बसला नाही. 'शेफील्ड'वर त्या क्षणी पुरेशी सावधगिरी नव्हती, आणि उपग्रहामार्फत संदेश चालू असल्यामुळे तिचं शत्रूचे संकेत पकडणारं यंत्र काम करत नव्हतं. म्हणजे माणसांच्या चुका होत्याच. पण ज्यांना दोन मिनिटांत सगळं ठरवावं लागतं, त्यांच्या चुकांना माफी नसते. सोळा मिनिटं हाती असलेला माणूस चूक करूनही सावरू शकतो.

२५ मे हा अर्जेंटिनाचा राष्ट्रीय दिन. त्या एकाच दिवशी 'कॉव्हेंट्री' बॉम्बहल्ल्यात बुडाली, त्यात १९ जण गेले. 'अटलांटिक कन्व्हेयर' हे मालवाहू जहाज एक्झोसेटने पेटलं, त्यात १२ जण गेले आणि सैन्याला वाहून नेणारी बहुतेक हेलिकॉप्टर जळाली. म्हणूनच पुढे सैनिकांना पाठीवर ओझं घेऊन फॉकलंडच्या चिखलातून मैलोन् मैल पायी जावं लागलं. त्या युद्धात ब्रिटनचे २५५ सैनिक-खलाशी गेले. त्यातले किती जण टेहळणी विमान असतं तर वाचले असते, हा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

अकरा आठवडे

'शेफील्ड'नंतर लंडनमध्ये जी धावाधाव झाली, ती मला सर्वांत जास्त आवडते, कदाचित माझ्या पेशामुळे.

प्रश्न असा होता, की कॅटपल्ट नसलेल्या नौकेवरून कोणती वस्तू उडवून उंचावर रडार नेता येईल? उत्तर एकच, हेलिकॉप्टर. वेस्टलँड कंपनीचं सी किंग हाताशी होतं. हवाई दलाच्या निमरॉड विमानांसाठी थॉर्न-ईएमआय कंपनीने बनवलेलं 'सर्चवॉटर' हे समुद्रावर शोध घेणारं रडारही तयार होतं. दोन्हींची गाठ घालायची होती. पण रडारचा घुमट एवढा मोठा, की तो पोटाखाली लावला तर हेलिकॉप्टर जमिनीवर उतरणार कसं?

त्यावर निघालेला तोडगा पाहिला की 'जुगाड' हा शब्द फक्त आपलाच नाही याची खात्री पटते. घुमट कडक न ठेवता हवा भरून फुगणाऱ्या मजबूत कापडाचा केला आणि तो हेलिकॉप्टरच्या बाजूला एका फिरत्या दांड्यावर टांगला. उडाल्यावर तो खाली फिरवायचा, उतरताना पुन्हा बाजूला उचलून घ्यायचा. बाहेरून पाहिलं तर हेलिकॉप्टरने काखेत मोठं गाठोडं मारल्यासारखं दिसे. नौदलात या लोकांना 'बॅगर' हे नाव पडलं ते या पिशवीमुळेच.

संपूर्ण काम अकरा आठवड्यांत झालं! एरवी अशा कामाच्या नुसत्या निविदेलाच वर्ष जातं. अशी दोन हेलिकॉप्टर घेऊन २ ऑगस्टला 'इलस्ट्रियस' ही नवी नौका दक्षिणेकडे निघाली. पण अर्जेंटिनाने शरणागती पत्करली होती १४ जूनला. चष्मा तयार झाला तोवर परीक्षा संपली होती. पुढचे काही महिने, फॉकलंडच्या धावपट्टीवरून लढाऊ विमानं उडू लागेपर्यंत, त्यांनी तिथल्या आकाशावर नजर ठेवली.

याच्याशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. हवाई दलाच्या म्हाताऱ्या शॅकलटनच्या जागी निमरॉडचं टेहळणी रूप आणायचा प्रकल्प १९७७ मध्ये मंजूर झाला होता. नाकात एक आणि शेपटीत एक रडार, मध्ये संगणक. संगणकाची ताकद आणि स्मृती अपुरी पडली, जमिनीवरून उठणारे नको ते संकेत गाळता येईनात, आणि डिसेंबर १९८६ मध्ये, शंभर कोटी पौंडांच्या घरात खर्च झाल्यावर, प्रकल्प गुंडाळला गेला. त्याऐवजी अमेरिकेकडून सेंट्री विमानं घेतली. एकाच देशात, एकाच दशकात, एकीकडे अकरा आठवडे आणि दुसरीकडे नऊ वर्षं! संगणक क्षेत्रातल्या मित्रांना यावर वेगळं भाष्य नको. मी एवढंच म्हणेन, की सी किंगवाल्यांनी चालू असलेलं रडार आणि चालू असलेलं हेलिकॉप्टर घेतलं आणि आपल्याला नेमकं काय हवंय हे त्यांना 'शेफील्ड'ने शिकवलेलं होतं.

दुसरा जन्म

नोव्हेंबर १९८४ मध्ये कल्डरोझ इथेच ८४९ स्क्वाड्रन तिसऱ्यांदा उभी राहिली, सी किंग घेऊन. गॅनेटच्या काळातली जाणती माणसं नौदलात अजून होती. मध्ये सहाच वर्षं गेली होती. सोळा गेली असती, तर पडद्यावरचे ठिपके वाचायला शिकवणारं कोणी उरलं असतं का?

२००२ च्या सुमारास या हेलिकॉप्टरना सुधारित रडार मिळालं, जे जमिनीवर चालणारी वाहनंही टिपू शकत होतं. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात नव्या 'आर्क रॉयल'वरून ८४९ ची तुकडी अल फाव द्वीपकल्पावर उतरलेल्या मरीन सैनिकांना शत्रूच्या रणगाड्यांची खबर देत होती. २२ मार्चच्या पहाटे, अंधारात, पहाऱ्याला निघालेलं एक सी किंग आणि पहारा संपवून परतणारं दुसरं एकमेकांवर आदळलं. सहा ब्रिटिश आणि अदलाबदलीवर आलेला एक अमेरिकन, असे सातही जण गेले. इतक्या छोट्या तुकडीतले सात! उरलेल्यांनी काम थांबवलं नाही. खाली लढणारे सैनिक त्यांच्या डोळ्यांनी पाहत होते, आणि डोळे मिटून चालणार नव्हतं.

पुढे २००९ ते २०१४ या काळात समुद्रासाठी बनलेली हीच हेलिकॉप्टर अफगाणिस्तानच्या वाळवंटावर, कॅम्प बॅस्टियनहून, शत्रूच्या गाड्यांचा माग काढत राहिली.

हर्मीस आणि आपण

आता हर्मीसची गोष्ट. फॉकलंड मोहिमेची ही प्रमुख नौका भारताने विकत घेतली आणि मे १९८७ मध्ये ती 'आयएनएस विराट' झाली. मुंबईच्या नौदल गोदीत तिचा तो पुढून वर उचललेला डेक माझ्या पिढीच्या किती तरी मुंबईकरांनी लांबून पाहिला आहे. ज्या डेकवर एके काळी ८४९ ची गॅनेट उतरत आणि जो डेक १९८२ मध्ये त्यांच्यावाचून युद्धावर गेला, तोच हा डेक.

भारतीय नौदलाने हा धडा घेतला. २००३ मध्ये रशियन बनावटीची कामोव्ह-३१ ही टेहळणी हेलिकॉप्टर नौदलात आली. पोटाखाली घडी घातलेली रडारची पाटी उडाल्यावर उघडते आणि गोल फिरते. प्रश्न तोच, उत्तर वेगळं. भारताने स्वतःचं टेहळणी विमान बनवण्याचीही मोठी किंमत मोजली आहे. ११ जानेवारी १९९९ ला तमिळनाडूत अरक्कोणमजवळ चाचणीचं विमान कोसळून आठ शास्त्रज्ञ आणि हवाई दलाचे लोक गेले आणि प्रकल्प थांबला. तो पुन्हा उभा राहून 'नेत्र' विमान हवाई दलात यायला २०१७ साल उजाडलं. नाव किती समर्पक!

त्याच २०१७ च्या मार्चमध्ये विराट निवृत्त झाली.

डोलकाठीवरची टोपली

ब्रिटनच्या नव्या मोठ्या विमानवाहू नौकांवर कॅटपल्ट बसवायचे की नाही यावर बराच खल झाला. २०१० मध्ये 'हो' ठरलं, २०१२ मध्ये खर्च पाहून 'नाही' ठरलं. त्यामुळे टेहळणी पुन्हा हेलिकॉप्टरवरच आली. सप्टेंबर २०१८ मध्ये सी किंग निवृत्त झाली, तेव्हा तिच्या जागी येणारी 'क्रोज नेस्ट' ही मर्लिन हेलिकॉप्टरवरची यंत्रणा तयार नव्हती. २०२० मध्ये ८४९ स्क्वाड्रनही पुन्हा बंद झाली आणि हे काम ८२० स्क्वाड्रनकडे गेलं. 'क्रोज नेस्ट' पहिल्यांदा मोठ्या सफरीवर गेली ती २०२१ मध्ये, 'क्वीन एलिझाबेथ'बरोबर. त्याच सफरीत ऑक्टोबर महिन्यात या ताफ्याने भारतीय सैन्यदलांबरोबर अरबी समुद्रात सराव केला. सरावाचं नाव होतं 'कोकण शक्ती'. हवाई दलाची सेंट्री विमानंही त्याच वर्षी निवृत्त झाली, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या पाच वेजटेल विमानांची मागणी तीनवर आणली गेली.

'क्रोज नेस्ट' म्हणजे शिडाच्या जहाजांवर डोलकाठीच्या टोकाला बांधलेली टेहळणीची टोपली. वाऱ्यापावसात एक खलाशी तिथे बसून राहायचा. आता या यंत्रणेच्या निवृत्तीचं साल २०२९ ठरवलेलं आहे. तेव्हा पुढची टोपली तयार असेल की नाही, हे पैशाच्या हिशेबावर ठरेल, आणि त्या हिशेबाच्या वहीत न बुडालेल्या जहाजांसाठी रकाना नसतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन कॉर्नवॉलला जाणार असाल, तर हेल्स्टनहून लिझर्डकडे जाणाऱ्या रस्त्यावर कल्डरोझचा तळ लागतो. वाटेत सॉमरसेटमध्ये येओव्हिल्टनला नौदलाच्या हवाई शाखेचं संग्रहालय आहे. मुलं जेट विमानांकडे धावतील, धावू द्या. पण तिथलं ते पोट सुटलेलं, बेढब गॅनेट त्यांना जरूर दाखवा, आणि विमानाच्या मधल्या भागातली ती अंधारी जागाही, जिथे दोन माणसं तासन् तास हिरव्या ठिपक्यांकडे पाहत बसलेली असत.